पालमपूरचं पान, बद्दीची पावडर

पालमपूरला यावं ते एप्रिलात, असं तिथले सगळेच सांगतात. धौलाधारच्या माथ्यावर बर्फ असतं, हवा कोरडी असते आणि चहाची वर्षातली पहिली खुडणी चालू असते. मी गेलो ऐन श्रावणात. डोंगर ढगात बुडालेला, न्यूगल खड्ड या ओढ्याचं गढूळ पाणी दगड घरंगळवत चाललेलं, आणि खोलीत दोरीवर टाकलेला शर्ट काही केल्या वाळेना. पण मला पाहायचं होतं ते पावसाळी पानच. औषधांच्या दुकानात ‘ग्रीन टी एक्स्ट्रॅक्ट’ म्हणून कॅप्सूल मिळतात, पुण्यात जिमच्या काउंटरवर तशाच डब्यांची चळत असते. त्यातली पावडर नेमक्या कुठल्या पानाची आणि कशी करतात, याचं उत्तर डब्यावर नसतं.

पठाणकोटपासून पालमपूर रस्त्याने शंभरेक किलोमीटर. पूर्वी हौशी माणूस इथे कांगडा खोऱ्यातल्या छोट्या गाडीनेच यायचा. १९२९ साली सुरू झालेला हा पठाणकोट ते जोगिंदरनगर असा १६४ किलोमीटरचा अरुंद मार्ग. २०२२ च्या ऑगस्टमधल्या पुरात चक्की नदीवरचा त्याचा पूल कोसळला. मी हिमाचलच्या सरकारी बसने आलो. ड्रायव्हर पावसातही एका हाताने गाडी चालवत होता आणि दुसऱ्या हाताने मोबाइलवर बोलत होता, तेव्हा निसर्गशोभेकडे माझं लक्ष जरा कमीच होतं.

नगरोटा ओलांडलं की रस्त्याच्या कडेला चहा दिसायला लागतो. मुन्नारसारखे डोंगरच्या डोंगर हिरव्या गालिच्याखाली, असं इथे काही नाही. एका बाजूला भातखाचर, दुसऱ्या बाजूला स्लेटच्या दगडाचं छप्पर असलेलं घर आणि मधल्या उतारावर कमरेएवढ्या झुडपांचा तुकडा. मालक बहुतेक छोटे शेतकरी. झुडपं चिनी वाणाची, बारीक पानांची, थंडी सोसणारी. १८४९ साली सहारनपूरच्या सरकारी वनस्पती उद्यानाचे प्रमुख डॉ. जेम्सन यांनी अल्मोडा-डेहराडूनच्या रोपवाटिकांतून रोपं आणून या खोऱ्यात लावून पाहिली, आणि ती लागली. पुढच्या पन्नास वर्षांत कांगड्याच्या चहाने युरोपातल्या प्रदर्शनांत पदकं मिळवली. मग ४ एप्रिल १९०५ ची पहाट उजाडली. त्या पहाटेच्या भूकंपात वीस हजारांच्या आसपास माणसं गेली, कारखाने जमीनदोस्त झाले आणि बहुतेक गोऱ्या मळेवाल्यांनी मळे विकून काढता पाय घेतला. उरले ते स्थानिक लोक. त्यांच्याकडे यंत्रं नव्हती, कढया होत्या. कढईत भाजून, हाताने वळून केलेला हिरवा चहा अमृतसरच्या व्यापाऱ्यांकडे जायचा आणि तिथून काश्मीर, अफगाणिस्तानपर्यंत पोचायचा. म्हणजे आपल्याकडे ‘ग्रीन टी’ची फॅशन येण्याच्या कितीतरी आधीपासून कांगडा हे हिरव्या चहाचं गाव. २००५ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं, २०२३ मध्ये युरोपीय संघानेही ते नाव संरक्षित केलं.

मळ्यात गेलो तेव्हा पाऊस थांबला नव्हता, फक्त बारीक झाला होता. तीनचार बायका प्लॅस्टिकचे कागद कमरेला गुंडाळून खुडत होत्या आणि पलीकडच्या बांधावर दोन माणसं कातरीसारखं यंत्र दोन्हीकडून धरून झुडपांच्या डोक्यावरून फिरवत होती. खुडायला माणसं मिळत नाहीत, हे इथलं रोजचं रडगाणं. तरुण पोरं चंदीगडला नाहीतर फौजेत. हाताने खुडलेल्या पाटीत दोन पानं आणि कळी. यंत्राच्या पिशवीत मात्र चौथं, पाचवं पानही येतं, काड्याही येतात. एक बाई मला म्हणाली, “जी, बरसातचं पान वाढतं भराभर, पण त्यात जान नसते.” सकाळी छाटलेलं झुडूप आठवड्याभरात पुन्हा वर येतं, अशी पावसाची घाई. एप्रिलच्या पानात जो सुगंध साठतो त्याला सावकाशीची वाढ लागते.

चहाच्या दृष्टीने ती बाई अगदी बरोबर बोलत होती. पण पावडरीचं गणित वेगळं असतं. चहाच्या पानात कॅटेचिन नावाची तुरट द्रव्यं असतात. कोवळ्या पानाच्या सुक्या वजनाचा पाव हिस्सा किंवा त्याहून थोडा जास्त भाग त्यांचाच. ऊन वाढलं, वाढीचा वेग वाढला की त्यांचं प्रमाण वाढतं. उलट सावलीत आणि थंडीत चवीला गोडसर असणारं थिअनिन टिकून राहतं. जपानमध्ये माचा या भुकटी-चहासाठी झुडपांवर आच्छादन घालतात ते याचसाठी. म्हणून कपाला नको असलेलं उन्हाळी-पावसाळी, कडवट, स्वस्त पान अर्क काढणाऱ्याला चालतं. जून पानात कॅटेचिन कमी भरतं, पण ते इतक्या कमी दरात मिळतं की हिशेब जमतो. एप्रिलचं कोवळं पान कुणी अर्काच्या टाकीत घालणार नाही. घातलं तर अर्क उत्तम निघेल आणि धंदा बसेल.

गावातल्या एका लहान कारखान्यात हिरवा चहा करताना पाहिला. पान आलं की त्याला दम धरू द्यायचा नाही. पानाच्या पेशीत एक विकर असतं. पान चुरगळलं, हवा लागली की ते कॅटेचिनना ऑक्सिजनशी जोडून देतं आणि पान तांबूस होत जातं. काळ्या चहाचा रंग आणि कडकपणा त्यातूनच येतो. हिरवा चहा करायचा तर ते विकर आधी मारावं लागतं, वाफेने नाहीतर तापलेल्या लोखंडाने. इथे फिरता ढोल होता, खाली आच. पान आत पडताक्षणी तडतडलं आणि खोलीभर उकडलेल्या पालेभाजीचा वास भरला. काही मिनिटांत पान लुळं होऊन बाहेर आलं, रंग मात्र तसाच. मग वळणं, मग वाळवणं. चारसाडेचार किलो ओल्या पानाचा एक किलो चहा. शेवटी चाळण्यांवर प्रती वेगळ्या होतात: यंग हायसन, हायसन, सौमी, फॅनिंग, डस्ट. ही नावं चिनी व्यापाराच्या काळातली, आणि चाळणीवर बसलेला माणूस ती इतक्या सराईत पहाडी उच्चारात म्हणत होता की मला दोनदा विचारावं लागलं. एका कोपऱ्यात जाड पानं आणि काड्यांची वेगळी पोती लावलेली होती. “ही कुठे?” मी विचारलं. “अर्कवाले नेतात,” तो म्हणाला आणि पुन्हा चाळणी हलवायला लागला.

चहातल्या कॅटेचिनचा शोध तसा फार जुना नाही. जपानच्या रिकेन संस्थेत मिचियो त्सुजिमुरा या संशोधिकेने १९२९ साली हिरव्या चहातून कॅटेचिन वेगळं काढलं. १९३२ मध्ये त्या कृषिशास्त्रात डॉक्टरेट मिळवणाऱ्या जपानमधल्या पहिल्या महिला ठरल्या. पुढे कॅटेचिनचं कुटुंब उलगडत गेलं आणि त्यातलं एक, एपिगॅलोकॅटेचिन गॅलेट, सर्वांत भाव खाऊन गेलं. व्यापारात त्याला नुसतं ‘ईजीसीजी’ म्हणतात. हिरव्या चहातल्या कॅटेचिनांपैकी निम्म्याच्या आसपास तेच.

पालमपूरला यावर काम करणारी मोठी संस्था आहे, सीएसआयआरची हिमालय जैवसंपदा तंत्रज्ञान संस्था, १९८३ साली स्थापन झालेली. चहाच्या पानातून कॅटेचिन वेगळं काढण्याच्या पद्धती तिथे विकसित झाल्या आहेत, आणि चहाच्या शेतकऱ्याला जाड पानाचेही दोन पैसे मिळावेत हा त्यामागचा हेतू रास्तच आहे. २०२० च्या एप्रिलमध्ये मात्र याच संस्थेच्या हवाल्याने ‘चहातली रसायनं करोनावर भारी’ अशा बातम्या झळकल्या. तो अभ्यास संगणकावरच्या प्रतिकृतींचा होता, विषाणूच्या प्रथिनाला कोणता रेणू किती घट्ट चिकटू शकेल याचा. संगणक ते रोगी हा रस्ता फार लांबचा असतो. बातमीत तो एका ओळीत संपला होता. बाकी संस्थेचं आवार बघण्यासारखं आहे.

अर्काची पोती मात्र पालमपुरात राहत नाहीत. मी ज्यांच्या मागावर होतो ती बद्दीला जाणार होती. सुजानपूर, हमीरपूर, बिलासपूर, स्वारघाट, नालागढ करत दिवसभर बस उतरत राहिली आणि संध्याकाळी चीडाच्या झाडांच्या जागी कंटेनर, पत्र्याच्या शेड आणि औषधकंपन्यांच्या पाट्या आल्या. बद्दी-नालागढचा पट्टा म्हणजे देशातल्या औषधउद्योगाचं मोठं ठाणं. आपल्या घरातल्या गोळ्यांच्या पाकिटावर मागे बारीक अक्षरात बघा, बद्दीचं नाव बरेचदा सापडेल. ज्या कारखान्यात मला शिरता आलं तिथले उत्पादनप्रमुख मूळचे सांगलीचे निघाले. “चला, निदान मराठीत शिव्या तरी देता येतील आज,” म्हणत त्यांनी मला डोक्याला जाळी, पायाला कापडी मोजे आणि तोंडाला मास्क चढवला.

पान आधी भरड दळतात आणि स्टीलच्या उभ्या टाकीत भरतात. गरम पाणी सोडायचं, पण उकळतं नाही, ऐंशी-पंच्याऐंशी अंशांच्या आसपास. फार उकळलं तर कॅटेचिनचा रेणूच आपली ठेवण बदलतो. काही जण पाण्यात अल्कोहोल मिसळतात. पानाचे दोनतीन काढे निघाले की ते गाळायचे आणि निर्वात पात्रात आटवायचे. हवेचा दाब कमी केला की पाणी कमी तापमानाला उकळतं, त्यामुळे अर्क करपत नाही. आटवलेला अर्क दाट, काळपट तपकिरी. थंड झाला की तो गढूळ होतो, कारण कॅफीन आणि कॅटेचिन एकमेकांना बिलगून खाली बसू पाहतात.

साधी पावडर हवी असेल तर काम जवळपास इथेच संपतं. ‘पन्नास टक्के पॉलिफेनॉल’ (कॅटेचिन ज्या गटात मोडतात ती द्रव्यं) किंवा ‘पंचेचाळीस टक्के ईजीसीजी’ अशी मागणी असली की खरी रसायनशाळा सुरू होते. अर्कात इथाइल अॅसिटेट नावाचं द्रावक घुसळतात. थोडा वेळ तसंच ठेवलं की दोन थर पडतात आणि कॅटेचिन वरच्या थरात गेलेलं असतं. साखर, प्रथिनं, क्षार खाली पाण्यात. दुसरी पद्धत रेझिनच्या खांबांची: बारीक मण्यांनी भरलेल्या उंच नळकांड्यातून अर्क सोडायचा, कॅटेचिन मण्यांना चिकटतं, मग अल्कोहोलने ते धुऊन काढायचं. कॅफीन काढायचं असेल तर त्याची वेगळी पायरी. या टप्प्यावर सांगलीकर थांबले आणि म्हणाले, “आता वास घ्या.” मी नाक पुढे केलं. नेलपॉलिशच्या बाटलीचा वास, चहाचा मागमूस नाही. हे द्रावक नंतर पूर्ण उडवून लावतात आणि किती उरलं ते तपासतात. पण पालमपूरच्या ढोलातल्या पालेभाजीच्या वासाशी त्याचा संबंध संपला होता, हे नाकाला लगेच कळलं.

शेवटी स्प्रे ड्रायर. दोन मजले उंच स्टीलचा शंकू. वरून अर्काचा फवारा, सोबत पावणेदोनशे-एकशेऐंशी अंशांची गरम हवा. थेंब खाली येईपर्यंत काही सेकंदांत त्याची भुकटी झालेली असते. पाणी उडताना थेंबातली उष्णता घेऊन जातं, म्हणून एवढ्या तापमानातही द्रव्य जळत नाही. काही वेळा भुकटी नीट पडावी म्हणून माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे मक्याच्या पिठुळापासून केलेली कर्बोदकं, मिसळतात. खालच्या खोलीत हवा यंत्राने कोरडी ठेवलेली, कारण ही पावडर दमट हवेत अर्ध्या तासात चिकट गोळा होते. एक किलो सुक्या पानातून साधी पावडर पाव किलोच्या आसपास, आणि शुद्ध करत गेलं तर त्याहून खूप कमी.

पावडर हिरवी नसते. माझ्या तळहातावर चिमूटभर घातली ती पिवळट तपकिरी, कोरड्या मातीच्या रंगाची होती. पानाचा हिरवा रंग ज्या हरितद्रव्याचा, ते पाण्यात विरघळत नाही. ते चोथ्यात राहतं, आणि चोथा खताला जातो. हिरवीगार भुकटी दिसली तर ती बहुधा माचा, म्हणजे अख्खं पान जात्यावर दळलेलं. माचात पानाचं सगळं असतं, अर्कात फक्त पाण्यात उतरलेलं आणि त्यातूनही निवडलेलं. दुकानदार दोन्हींना एकच नाव सांगून मोकळे होतात. मी ती चिमूट जिभेवर ठेवली. हिरडा चावल्यावर जीभ आवळते तशी आवळली आणि नंतर बराच वेळ पाणी गोड लागत राहिलं.

ही पावडर जाते कुठे? कॅप्सूल हा एक रस्ता, सर्वांत गाजावाजा असलेला. पण मला जास्त रस वाटला तो मुकाट्याने चाललेल्या रस्त्यांत. तेल खवट होणं, मांसाचा रंग उतरणं हे ऑक्सिजनचं काम. कॅटेचिन ऑक्सिजनला स्वतःच आधी भिडतं, म्हणून सॉसेज, मासे, वेफर्स, बिस्किटं यांत ते रक्षक म्हणून घालतात. जो गुण पानाला तांबूस करतो तोच इथे कामाला येतो. तेलात मात्र ते नीट विरघळत नाही, मग त्याला मेदाम्लाची जोड देऊन तेलात विरघळणारं रूप तयार करतात. टूथपेस्ट, च्युइंगगम, चेहऱ्याची क्रीम, बाटलीबंद थंड चहा, पशुखाद्य अशी यादी लांबते. आणि एक अस्सल औषधही आहे. अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने २००६ साली हिरव्या चहाच्या कॅटेचिनांच्या पंधरा टक्के मलमाला जननेंद्रियांवरच्या चामखिळींसाठी मान्यता दिली. त्यांच्या वनस्पतिजन्य औषधांच्या नव्या चौकटीत मंजूर झालेलं ते पहिलंच औषध. ते वरून लावायचं, ठरलेल्या मात्रेत, डॉक्टरांच्या सल्ल्याने.

कॅप्सूलने वजन कमी होतं या दाव्याबद्दल मी सांगलीकरांना सरळच विचारलं. ते म्हणाले, “आम्ही ड्रम विकतो. जाहिरात दुसरे करतात.” उत्तर चलाख होतं, पण खोटं नव्हतं. कॉक्रेन संस्थेच्या २०१२ च्या वैद्यकीय आढाव्यात हिरव्या चहाच्या गोळ्या-अर्कांनी होणारी वजनातली घट इतकी किरकोळ आढळली की उपचार म्हणून तिला अर्थ नाही. दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. २००३ मध्ये फ्रान्स आणि स्पेनमध्ये हिरव्या चहाच्या अर्काचं एक उत्पादन यकृताला इजा झाल्याच्या घटनांनंतर बाजारातून मागे घ्यावं लागलं. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ साली सांगितलं की गोळ्यांच्या रूपात रोज ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त ईजीसीजी घेतल्यास रक्तातली यकृताची विकरं वाढतात. नेहमीसारखा चहा पिणाऱ्या युरोपीय माणसाच्या पोटात दिवसाला सरासरी ९० ते ३०० मिलिग्रॅम जातं, आणि तेही घोटाघोटाने, दिवसभरात, खाण्याबरोबर. कॅप्सूल ते एकदम आणि पुष्कळदा रिकाम्या पोटी देते, आणि रिकाम्या पोटी ते रक्तात जास्त शिरतं. २०२२ पासून युरोपीय संघात रोजच्या मात्रेत ८०० मिलिग्रॅमपेक्षा कमी ईजीसीजी असणं आणि रिकाम्या पोटी घेऊ नये असं वेष्टनावर छापणं बंधनकारक आहे. शिवाय ही तुरट द्रव्यं भाजीपाल्यातलं लोह धरून ठेवतात. आपल्याकडे बायकांमध्ये रक्तक्षय किती आहे ते लक्षात घेता, जेवणाबरोबर ही कॅप्सूल घ्या असंही सरसकट सांगणं अवघड. चहा पिणं आणि चहातलं एक द्रव्य निवडून, दाट करून गिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, मग पान कितीही एकच असो.

प्रयोगशाळेत एक मुलगी नमुने यंत्रात लावत होती. पडद्यावर शिखरं उमटत होती. कॅफीनचं एक, कॅटेचिनांची काही, सर्वांत उंच ईजीसीजीचं. कीटकनाशकांचे अंश, शिसं, उरलेलं द्रावक यांचीही तपासणी होते, कारण अर्क आटवताना चांगल्याबरोबर नको तेही दाट होतं. मी विचारलं, आता भरताय त्या ड्रममध्ये पालमपूरचं पान किती? सांगलीकरांनी वही उघडली. एक लॉट कांगड्याचा, एक निलगिरीचा, एक आसामचा. आसामी जातीच्या रुंद पानात कॅटेचिन जास्त. एका लॉटमध्ये पॉलिफेनॉल ५४ टक्के भरलं होतं, दुसऱ्यात ४६. गिऱ्हाइकाला ५० हवंय, म्हणून तिन्ही एकत्र घुसळायचे. ड्रमवर लिहायचं ते लॅटिन नाव, टक्केवारी, बॅच क्रमांक आणि ‘भारत’. मानांकनाचा शिक्का पानाच्या पाकिटावर चालतो, इथे त्याचा कुणाला उपयोग नाही.

“मग कांगड्याच्या पोत्याला जास्त दर देता का?” मी विचारलं.

“टक्का जास्त असेल तर देतो,” ते म्हणाले. “धौलाधार दिसतो म्हणून नाही देत.” आणि तेवढ्यात त्यांना खालून हाक आली. चहाची बॅच संपली होती, टाक्या धुवायला घेतल्या होत्या. दुसऱ्या दिवशी अश्वगंधा लावायची होती.